बाळगुटी आत्ताच सुरू करावी का? घरात एकमत होत नाहीये

स्नेहल_दापोली:
माझी लेक अडीच महिन्यांची आहे, फक्त अंगावर पिते. वजन छान वाढतंय, पण दिवेलागणीला पाय पोटाशी घेऊन तास-दीड तास रडते. सासूबाईंनी सहाण काढून ठेवलीय. हळकुंड, वेखंड, मुरुडशेंग, बाळहिरडा, सुंठ, जायफळ, अतिविष, सगळं बाजारातून आणलंय. गुटीने पोटही ठीक राहतं आणि पुढे आजारपणं येत नाहीत, असं त्यांचं म्हणणं. डॉक्टर सांगतात, सहा महिने पाणीसुद्धा नको. सासूबाईंना मोडता घालायला जीव होत नाही. काय करू?

सांगलीची_आजी:
आमच्या घरात सगळी मुलं गुटीवर वाढली, कुणाला काही झालं नाही. एकेका मुळीचा एकच वळसा द्यायचा आणि दोन थेंब आईच्या दुधात कालवून बोंडल्याने पाजायचं.

वैद्य_जुन्नर:
आजी, तुमचा हात बसलेला आहे. पण वळसा प्रत्येकीचा वेगळा पडतो. स्नेहल, मी आयुर्वेदाचीच वैद्य आहे, मुलांना रोज काढे-चूर्णं देते, आणि तरीही सांगते की सहा महिने पूर्ण होईपर्यंत थांब. या मुळ्यांना गुण आहे, म्हणूनच त्यांची मात्रा चुकली तर बाधतात. जायफळ जरा जास्त उगाळलं गेलं की बाळ गुंगतं. घरचे म्हणतात, गुटीने शांत झोपलं. गुंगलेलं बाळ दूध कमी ओढतं, आणि या वयात तेच अंगाशी येतं. वेखंडातल्या बीटा-असारोन नावाच्या घटकामुळे प्राण्यांमध्ये गाठी झालेल्या दिसल्या, म्हणून अमेरिकेत १९६८ पासून ते खाण्याच्या पदार्थांत घालायला बंदी आहे. अतिविष महाग, त्यामुळे भेसळ फार. बचनाग त्याच्याच जातकुळीतला आणि जहाल विषारी. बाजारातून आणलेली मुळी मी आधी स्वतः पाहते, मगच घरी वापरू देते.

बाळहिरडा मात्र माझ्या जिव्हाळ्याचा. आमच्या जुन्नर-आंबेगावच्या डोंगरातली आदिवासी कुटुंबं बी न धरलेली कोवळी फळं गोळा करून अंगणात वाळत घालतात. वाळली की काळीभोर, सुरकुतलेली, बोटाच्या पेरापेक्षाही लहान होतात. पोट साफ करायला उत्तम आहे, पण तोही सहा महिन्यांनंतर आणि विचारूनच.

संध्याकाळचं हे रडणं बहुतेक बाळांचं तीन-चार महिन्यांची होईपर्यंत आपोआप ओसरतं. पाजल्यावर खांद्याशी उभं धर, ढेकर काढ. मग कोपरापासून पंजापर्यंतच्या हातावर पालथं घेऊन फिरव. आणि मालिश सासूबाईंकडे सोपव. खोबरेल कोमट करून पोटावर हलक्या हाताने, घड्याळाच्या दिशेने. त्यांच्या हाताला जे कळतं ते तुला-मला शिकता येणार नाही.

अमोल_कॅलिफोर्निया:
आमचा मुलगा चार महिन्यांचा आहे. सर्दीसाठी ओव्याची धुरी आणि उशाशी कापूर चालेल का? आईने भारतातून पाठवलंय.

वैद्य_जुन्नर:
अमोल, दोन्ही नको. धुराने छोट्या श्वासनळ्या चिडतात. कापूर पोटात गेला तर झटके येतात, तो घरात बाळाच्या हाती लागेल असा ठेवूच नका. वर्षाच्या आत मधही चाटवू नका, त्यातून बॉट्युलिझम, म्हणजे जिवाणूच्या विषाने स्नायू लुळे पडण्याचा आजार, होऊ शकतो. नाक चोंदलं तर सलाइनचे (मिठाच्या पाण्याचे) थेंब टाका. बाळ शांत असताना पूर्ण मिनिट श्वास मोजा. ५० किंवा जास्त भरले, किंवा बरगड्यांखाली खळगा पडत असेल, तर लगेच डॉक्टर. तीन महिन्यांच्या आतल्या बाळाला ताप आला तर घरात काहीच उगाळत बसायचं नाही.

सांगलीची_आजी:
बरं, मग सहा महिन्यांनंतर तरी सगळ्या मुळ्या एकदम सुरू करायच्या ना?

वैद्य_जुन्नर:
नाही आजी, एकेक. चार-पाच दिवस एकच, म्हणजे पुरळ किंवा जुलाब झाले तर कशाने ते कळतं. वेखंड आणि जायफळ मी देतच नाही. सहाण प्रत्येक वेळी उकळत्या पाण्याने धुवायची. जुलाब लागलेच तर कुड्याची साल नंतर, आधी ओआरएस, आणि डॉक्टरांना विचारून १४ दिवस झिंक.

स्नेहल, आजारपणं टाळायचं म्हणतेस, तर १० आठवड्यांची लस झाली का?

स्नेहल_दापोली:
नाही हो, सर्दी होती म्हणून राहिली.

वैद्य_जुन्नर:
साध्या सर्दीत लस घेता येते. या आठवड्यातच जा, आणि सासूबाईंनाही बरोबर ने.