तीन बंदुकांपैकी एक जमा करावी की थांबावे? (शस्त्र कायदा दुरुस्ती, मुदत डिसेंबर २०२०)

प्रश्न: तापीकाठ, रावेर तालुका (ऑक्टोबर २०२०)

सर्वांना नमस्कार. माझ्या वडिलांच्या नावावर तीन शस्त्रे असून तिन्ही रीतसर परवान्यावर आहेत. पीक संरक्षणासाठीची ठासणीची बंदूक आजोबांपासून चालत आली आहे, दुसरी बारा बोअरची दुनळी आहे आणि तिसरे वडिलांनी स्वसंरक्षणासाठी घेतलेले रिव्हॉल्व्हर. १४ डिसेंबर २०१९ पासून लागू झालेल्या दुरुस्तीनुसार एका व्यक्तीला तीनऐवजी दोनच अग्निशस्त्रे ठेवता येतात आणि उरलेले शस्त्र एका वर्षाच्या आत जवळच्या पोलीस ठाण्यात किंवा परवानाधारक शस्त्रविक्रेत्याकडे जमा करावे लागते. आमच्याकडे आता जेमतेम दोन महिने उरले आहेत.

घरात यावरून दोन तट पडले आहेत. वडील ७४ वर्षांचे आहेत आणि कायदा झाला आहे तर तो पाळू, असे त्यांचे सरळ मत आहे. धाकटे काका म्हणतात की गावात कोणालाही नोटीस आलेली नाही, ठासणीची बंदूक माळ्यावर आहे तशी राहू द्यावी, कारण एकदा हातची गेली की ती परत दिसणार नाही. काकांचे म्हणणे मला सहजासहजी खोडता येत नाही. गेल्या वर्षी विधानसभा निवडणुकीच्या वेळी आम्ही दुनळी जमा केली होती. ती परत मिळाली तेव्हा दोन्ही नळ्यांना आतून तांबूस गंज धरलेला होता, लाकडी दस्त्याला तडा गेला होता आणि चापाभोवतीच्या कडीला सुतळीने बांधलेल्या चिठ्ठीवरचा क्रमांक आमच्या परवान्याशी जुळत नव्हता. तो घोळ निस्तरता निस्तरता वडील थकून गेले.

दुसरी अडचण अशी की परवान्याच्या पुस्तिका दोन आहेत आणि युनिक ओळख क्रमांक, म्हणजे यूआयएन, त्यांपैकी एकीवरच आहे. केळीच्या कांदेबागेची लागवड सुरू आहे आणि रानडुकरांचा त्रास यंदा फार आहे, त्यामुळे राखणीसाठी बंदूक हवीच आहे. जाणकारांनी कृपया मार्गदर्शन करावे.

उत्तर १: सातपुडा पायथा, चोपडा तालुका

दादा, मी तुमच्या काकांच्या बाजूचा आहे आणि त्याची कारणे स्पष्टपणे मांडतो. आपल्या भागात गोळीबाराची बातमी येते तेव्हा त्यात बहुतेक वेळा गावठी कट्टा असतो आणि तो मध्य प्रदेशच्या हद्दीतील उमर्टीकडून आला, हेही त्याच बातमीत वाचायला मिळते. ज्या माणसाचे नाव, पत्ता, छायाचित्र, शस्त्राचा क्रमांक आणि घेतलेली काडतुसेही सरकारदरबारी नोंदलेली आहेत, त्याच्यामागे हा ससेमिरा लावून कट्ट्यांचा धंदा कसा थांबणार आहे, याचे उत्तर मला कोणी दिलेले नाही. मूळ विधेयकात तर एकच शस्त्र ठेवण्याची तरतूद होती. परवानाधारकांनी आणि खासदारांनी आक्षेप घेतल्यावर ती दोनवर आली. याचा अर्थ बोलल्याने फरक पडतो. टाळेबंदीमुळे कार्यालयांची कामे महिनोन्‌महिने मागे पडली आहेत, तेव्हा मुदत वाढण्याची वाट पाहणे मला गैर वाटत नाही. शिवाय कलम ३ च्या, म्हणजे परवाना आणि शस्त्रांच्या संख्येच्या मर्यादेच्या, भंगाचा खटला दाखल करायला जिल्हादंडाधिकाऱ्यांची पूर्वमंजुरी लागते. उद्या कोणी येऊन उचलून नेईल, असे होत नाही.

उत्तर २: निवृत्त लिपिक, जळगाव

मी अनेक वर्षे शस्त्र परवान्यांच्या टेबलावर काम केले आहे, म्हणून थोडे सविस्तर लिहितो.

चोपड्याच्या भाऊंचा राग मला समजतो आणि कट्ट्यांविषयी ते जे म्हणतात त्यात तथ्य आहे. तथापि, पूर्वमंजुरीच्या तरतुदीवर विसंबून कोणीही शस्त्र घरात ठेवू नये, अशी माझी कळकळीची विनंती आहे. ती मंजुरी केवळ एका सहीचा प्रश्न आहे, आणि शस्त्रांचे क्रमांक दप्तरात असताना ती नाकारण्याचे कारण अधिकाऱ्याकडे उरत नाही. कलम ३ चा भंग करून अग्निशस्त्र बाळगल्यास पूर्वी एक ते तीन वर्षे कारावास होता, तो याच दुरुस्तीने दोन ते पाच वर्षे आणि दंड असा झाला आहे. नोटीस आली नाही हा बचाव टिकत नाही, कारण जमा करण्याचे बंधन कायद्याने थेट परवानाधारकावर टाकले आहे. मुदतवाढ मिळेल या आशेवर राहणेही धोक्याचे आहे, कारण एक वर्षाची मुदत कायद्याच्या कलमातच लिहिलेली आहे; ती एखाद्या परिपत्रकातली नाही. काकांनी बंदूक जुनी असल्याचा मुद्दा काढला, तर त्यांना सांगा की जुन्या शस्त्राची सवलत डागडुजी करूनही चालू शकणार नाही अशा शस्त्राला आहे. तुमची ठासणीची बंदूक चालते.

आता ज्या गोष्टीकडे फारसे कोणाचे लक्ष जात नाही, तिच्याकडे वळतो. जमा करणे म्हणजे शस्त्र गमावणे असे समजू नका. कलम २१ प्रमाणे जमा केलेले शस्त्र विहित मुदतीत पात्र व्यक्तीला विकण्याचा आणि त्याची रक्कम घेण्याचा हक्क मालकाकडे राहतो. मुदतीत काहीच केले नाही तरच ते सरकारजमा होण्याची वेळ येते. त्याहून महत्त्वाचे म्हणजे शस्त्र नियम २०१६ मधील नियम २५ नुसार परवानाधारकाने वयाची ७० वर्षे पूर्ण केली असल्यास, किंवा शस्त्र २५ वर्षे बाळगले असल्यास, त्याने सुचविलेल्या कायदेशीर वारसाला त्या शस्त्राचा परवाना देता येतो. तुमचे वडील ७४ वर्षांचे आहेत, म्हणजे हा मार्ग तुम्हाला आजच खुला आहे. वारसालाही दोनचीच मर्यादा आहे, हे मात्र लक्षात ठेवावे.

कोणते शस्त्र वेगळे काढावे, हे तुम्ही विचारलेले नाही, तरी सांगतो. रिव्हॉल्व्हरचा परवाना पुन्हा मिळवणे कठीण असते. याउलट खऱ्याखुऱ्या पीक संरक्षणासाठी ठासणीच्या बंदुकीचा परवाना द्यावा, असे कलम १३ मध्येच म्हटले आहे, अर्थात अर्जदार अन्यथा पात्र असेल तर. शेतात रात्री राखणीला तुम्ही जात असाल, सातबारा उताऱ्यावर तुमचेही नाव असेल, तर ठासणीच्या बंदुकीसाठी तुम्हीच अर्ज करावा आणि दुनळी व रिव्हॉल्व्हर वडिलांकडे राहू द्यावे. पोलीस पडताळणीला वेळ लागतो, म्हणून तोवर बंदूक शस्त्रविक्रेत्याकडे जमा ठेवा. मुदत संपल्यावर ९० दिवसांत जादा शस्त्र परवान्यातून वगळले जाते, तेव्हा अर्ज या आठवड्यातच गेला पाहिजे. हस्तांतराऐवजी विक्रीच करायची ठरली, तर लेखी पूर्वसूचना देऊन ४५ दिवस थांबावे लागते. हिशेब केला तर सूचना ऑक्टोबर संपण्याच्या आत पोहोचायला हवी.

गंजाची तक्रार रास्त आहे. ठाण्यांच्या मुद्देमाल खोल्यांमध्ये तेलपाण्याची सोय नसते. विक्रेत्याकडे सहसा असते आणि त्याचे भाडेही ठरवून घेता येते. कुठेही जमा करा, पण पावतीवर शस्त्राचा प्रकार, बनावट, क्रमांक, नळीची व दस्त्याची स्थिती लिहून घ्या आणि देण्यापूर्वी छायाचित्रे काढा. दोन पुस्तिका असतील तर त्या एकाच यूआयएनखाली आणण्याचा अर्ज सोबतच द्यावा, कारण ज्या परवान्यावर तो क्रमांक नाही, तो वैध धरला जात नाही. तुमच्या बाबतीत मला याचीच काळजी जास्त वाटते.

उत्तर ३: शिरपूरहून एक भगिनी

मला कायद्यातले फारसे कळत नाही, परंतु घरातल्या माणसांवर काय वेळ येते ते मी पाहिले आहे. माझे सासरे वारल्यानंतर धान्याच्या कोठीमागे गोणपाटात गुंडाळलेली एकनळी बंदूक निघाली. तिचा परवाना त्यांच्या हयातीतच संपलेला होता आणि तो त्यांनी नूतनीकरणाला दिला नव्हता, हे आम्हाला कागद शोधताना समजले. बंदूक त्यांची होती, पण सापडली ती आमच्या ताब्यात. जबाब, पंचनामा, वकिलांचे हेलपाटे हे सगळे दिवसकार्य आटोपण्याच्या आत सुरू झाले आणि माझ्या पतींना प्रत्येक ठिकाणी आपण ती लपवली नव्हती, हे सांगत बसावे लागले. दादा, तुमच्या काकांना एवढेच विचारा की माळ्यावरची बंदूक उद्या कोणाच्या नावावर निघणार आहे. वडील आहेत तोवर त्यांच्या सहीने सर्व काही मार्गी लागू शकते.

उत्तर ४: सातपुडा पायथा, चोपडा तालुका

ताईंचे लिहिणे वाचून मी माझा सल्ला मागे घेतो; आक्षेप मात्र मागे घेत नाही. माझेही तिसरे शस्त्र मी विक्रेत्याकडे देईन. त्याबरोबर जिल्हादंडाधिकाऱ्यांना आणि आपल्या खासदारांना लेखी निवेदन देईन की पीक संरक्षणाची ठासणीची बंदूक या दोनच्या मर्यादेतून वेगळी धरावी. रायफल क्लबच्या सदस्यांना नेमबाजीच्या सरावाच्या पॉइंट टू टू रायफलीसाठी या मर्यादेतून सूट आहे, मग मक्याचे उभे पीक एका रात्रीत आडवे झालेले पाहणाऱ्या शेतकऱ्याला का नसावी? अजून कोणी निवेदनावर सही करणार असेल तर कळवावे.

प्रश्नकर्ता: तापीकाठ, रावेर तालुका

सर्वांचे मनापासून आभार. वडिलांशी बोलून ठासणीची बंदूक माझ्या नावावर करण्याचा अर्ज आणि दोन्ही पुस्तिका एकत्र करण्याचा अर्ज तयार केला आहे. काका अजून नाराज आहेत, तरी छायाचित्रे काढताना बंदूक त्यांनीच माळ्यावरून उतरवून पुसून दिली. निवेदनावर आम्हा तिघांच्या सह्या धरा. लिपिक साहेब, एक शंका राहिली आहे. ठासणीच्या बंदुकीची दारू आणि बार पेटवणाऱ्या टोप्या थोड्या शिल्लक आहेत. त्या बंदुकीबरोबरच जमा कराव्यात का?

उत्तर ५: निवृत्त लिपिक, जळगाव

होय, बरोबरच द्याव्यात आणि पावतीवर वेगळ्या नोंदवून घ्याव्यात. दारूगोळा त्या शस्त्राच्या परवान्यावर असतो. शस्त्र गेल्यावर तो घरात ठेवू नये. आणि परवाना तुमच्या नावावर झाला तरी रानडुकरावर गोळी झाडण्यासाठी वनविभागाची परवानगी वेगळी लागते, तो अर्जही वनपरिक्षेत्र कार्यालयात देऊन ठेवा.