शिंगरू नवीन काही खाईना, काय करावं?

तासगावकडं आहे, शिंगरू दीड वर्षाचं. भिजवलेला हरभरा नि कडबा सोडून कशाला तोंड लावत नाही, लसूणघास टाकला तर ओठानं बाजूला सारतंय, गाजर तर चावून थुंकलं.

> दादा घाई नको, रोजच्या चंदीत (दाण्यात) नवीन मूठभर मिसळा अन् आठ-दहा दिवसांत वाढवत न्या, एकदम बदललं की पोटशूळ उठतो आणि घोड्याला उलटी करता येत नाही.

> गाजर उभं चिरा, गोल चकत्या घशात अडकतात. आमची वाईची घोडी शेजारच्या घोडीचं बघून खायला लागली 😄

> गूळ चालेल का?

> सुपारीएवढाच, सांगलीत स्वस्त म्हणून ढेप पुढं ठेवू नका. आणि घमेल्यातच टाका, हातानं दिलं की चावायची खोड लागते.