कॉन्स्ट लिहिलंय तरी सी लँग्वेज म्हणते ॲरेचा साइज कॉन्स्टंट नाही?

सेकंडइयर_आयटी:
मेनच्या बाहेर, फाइलच्या वरच कॉन्स्ट इंट मॅक्स = १०० ठेवलं आणि त्याच मॅक्सने ॲरे डिक्लेअर केला, तर जीसीसी कंपायलर म्हणतो ॲरे फाइल स्कोपला व्हेरिएबली मॉडिफाइड आहे, म्हणजे साइज पक्का नाही. मेनच्या आत नेला की चालतो, पण तिथे ब्रेसमध्ये १, २, ३ दिले की परत एरर. हीच फाइल सी++ म्हणून दिली तर दोन्हीकडे गपचूप कंपाइल होते. मी व्हॅल्यू कुठेच बदलत नाहीये, मग व्हेरिएबल आलं कुठून??

फर्मवेअरवाला:
सीमध्ये कॉन्स्ट म्हणजे फक्त रीड-ओन्ली, या नावाने लिहायचं नाही एवढंच. ॲरेच्या साइजला लागतं ते कॉन्स्टंट एक्स्प्रेशन वेगळं, ते कंपाइल होतानाच ठरतं. त्यात साधे आकडे, इनमची (आकड्यांना दिलेल्या नावांची यादी) नावं, साइझऑफ आणि त्यांचं गणित येतं, कॉन्स्ट व्हेरिएबल येत नाही. सी++ ने तो नियम बदलला म्हणून तिथे चालतं. मेनच्या आत तुझा ॲरे व्हीएलए (व्हेरिएबल लेंथ ॲरे) झाला, सी९९ स्टँडर्डपासून आहे ते, रन होताना स्टॅकवर, म्हणजे फंक्शनच्या तात्पुरत्या मेमरीत, जागा घेतो, म्हणून त्याला ब्रेसमध्ये १, २, ३ देता येत नाहीत. बाहेरच्या ॲरेची जागा प्रोग्राम सुरू व्हायच्या आधीच ठरलेली लागते, म्हणून तिथे अडतो. इनममध्ये मॅक्स = १०० कर, स्विचच्या केस लेबलला पण तेच वापर. डिफाइनपेक्षा मला इनम आवडतं, स्कोप पाळतं.

सेकंडइयर_आयटी:
पण दादा मित्राच्या मॅकवर क्लँग कंपायलरने बाहेरच्या ॲरेला नुसती वॉर्निंग दिली?

फर्मवेअरवाला:
क्लँग एक्स्टेन्शन म्हणून व्हॅल्यू आधीच काढून साधा ॲरे करून टाकतो. त्याच्या भरवशावर राहू नको, पेडँटिक-एरर्स फ्लॅग (स्टँडर्डबाहेरचं दिसलं की एरर) लाव म्हणजे तिथेही अडेल.

कर्नलप्रेमी:
मला तर व्हीएलएच नको वाटतं. मॅलॉक (रन होताना मेमरी मागायचं फंक्शन) फसलं तर नल तरी मिळतो, इथे साइज मोठा आला की स्टॅक संपतो आणि तपासायला काहीच हातात नसतं. लिनक्स कर्नलमधून २०१८ मध्ये सगळे काढले, ४.२० पर्यंत. सी११ ने ऑप्शनल केले आणि मायक्रोसॉफ्टच्या कंपायलरने तर कधी घेतलेच नाहीत. डब्ल्यू-व्हीएलए फ्लॅग (व्हीएलए दिसला की वॉर्निंग) कायम चालू ठेव. जीसीसी १३ किंवा पुढचा असेल तर सी२३ मोडमध्ये कॉन्स्टएक्सपीआर (कंपाइल होतानाच ठरणारा खरा कॉन्स्टंट) मिळतं, तुला जे हवं होतं ते हेच.

सेकंडइयर_आयटी:
इनम केलं, दोन्हीकडे झालं, थँक्यू दोघांनाही 🙏 तो फ्लॅग लावल्यावर प्रोजेक्टमध्ये अजून दोन व्हीएलए सापडले, एकाचा साइज तर मी थेट स्कॅनएफने युजरकडून घेत होतो, तो आत्ताच मॅलॉकवर नेतोय.