इंग्रजी शब्दांचे अर्थ पाठ आहेत पण मेल लिहायला बसलं की एकही आठवत नाही

साडेआठची_कल्याण:
मंडळी जरा मदत हवीय. शिक्षण सगळं मराठी मीडियम, सध्या बीकेसीत एका कंपनीत अकाउंट्सला आहे. इंग्रजी वाचलेलं कळतं, समोरचा बोलला तरी कळतं, पण स्वतः मेल लिहायचा म्हटलं की तेच ते काइंडली, नीडफुल, ॲट द अर्लिएस्ट. एका व्हॉट्सॲप ग्रुपवर रोज सकाळी दहा शब्द येतात, शब्द, मराठी अर्थ आणि खाली एक वाक्य, मी ते वहीत उतरवते आणि कुर्ला येईपर्यंत पाठ करते (उभ्याने, एका हाताने हँडल धरून, पण ते असो). आता रिलक्टंट म्हणजे नाखूश, राजी नसलेला हे मला झोपेतून उठवून विचारलं तरी सांगेन, पण तो वाक्यात बसवायचा कसा, पुढे टू लावू की फॉर, तिथे गाडी अडते. मराठी अर्थ पाठ करणंच बंद करू का? सगळे म्हणतात इंग्लिश टू इंग्लिश डिक्शनरी घे. आणि ती उदाहरणाची वाक्यं पाठ करायची असतात का नुसती वाचायची?

मुलुंडच्या_काकू:
मराठी अर्थ अजिबात सोडू नकोस गं. इंग्रजी शब्दाचा अर्थ इंग्रजीतूनच शिकायचा हे खूळ क्लासवाल्यांनी पसरवलंय. न्यूझीलंडचे पॉल नेशन, ज्यांनी शब्दसंग्रह ह्या एकाच विषयावर वर्षानुवर्षं संशोधन केलं, तेसुद्धा मातृभाषेतल्या अर्थाला नावं ठेवत नाहीत, शब्दाची पहिली ओळख त्यानेच पटकन होते. पण ओळख झाली म्हणजे घरोबा झाला असं नाही ना. तुझ्या वहीत शब्द एकटा पडलाय, त्याच्या शेजारी कोण बसतं ते लिहिलेलंच नाही. म्हणून वहीत नुसतं रिलक्टंट लिहू नकोस, 'रिलक्टंट टू साइन' असा तुकडा लिही. कॉम्प्लाय लिहिलास तर विथ सकट. आणि डिसकसपुढे काहीच नाही, आपल्याकडे निम्मी ऑफिसं डिसकस अबाउट म्हणतात, कारण मराठीत आपण एखाद्या गोष्टी'बद्दल' चर्चा करतो.
ग्रुपवरची वाक्यं बघून घे हं. 'ही वॉज रिलक्टंट' ह्या वाक्यात रिलक्टंटच्या जागी हॅपी टाक, टॉल टाक, काही बिघडत नाही, म्हणजे ते वाक्य काहीच शिकवत नाही. 'द क्लायंट इज रिलक्टंट टू साइन बिकॉज द रेट इज हाय' ह्यात अर्थही कळतो आणि टू पण.
डिक्शनरी घ्यायचीच तर लर्नर्स डिक्शनरी घे, ती परकी भाषा म्हणून इंग्रजी शिकणाऱ्यांसाठीच असते. ऑक्सफर्डची जी आहे ती हॉर्नबी नावाच्या मास्तरांनी जपानमध्ये शिकवताना तयार केली, पहिल्यांदा १९४२ ला तिथेच छापली. लाँगमनची १९७८ ची, त्यात सगळे अर्थ साधारण २००० सोप्या शब्दांतच सांगायचे असा नियम ठेवला. दोन्ही नेटवर फुकट बघता येतात.

बोरिवली_स्लो:
काकूंशी सहमत, पण ताई तुम्ही ते रोजचे दहा शब्द आधी बंद करा हो. ते शब्द निवडतं कोण? ऑब्सिक्वियस, गॅरुलस असले शब्द जीएसटीच्या मेलमध्ये कुठे वापरणार तुम्ही? मायकल वेस्ट नावाच्या इंग्रजीच्या शिक्षकाने १९५३ मध्येच जवळपास २००० अत्यंत कामाच्या शब्दांची यादी काढली होती, साध्या इंग्रजी मजकुरातला ८० टक्क्यांच्या आसपास भाग तेवढ्यातच निघतो. ते तुम्हाला येत असणारच, राहिले कामाचे शब्द, आणि ते तुमच्या इनबॉक्समध्येच पडलेत. वेव्ह द लेट फी, इंटरेस्ट ॲक्रूज ऑन द लोन, रिकन्साइल द लेजर विथ द बँक स्टेटमेंट. मी बँकेत आहे, आमच्या जुन्या साहेबांचे मेल मी एका फोल्डरला टाकून ठेवायचो आणि त्यातली वाक्यं उचलून फक्त नाव-आकडे बदलायचो. ती कॉपी नाही, सगळे असंच शिकतात.

किंग्जसर्कलचा_खोडसाळ:
आउटस्टँडिंग विसरलात दादा 😄 अप्रेझलमध्ये आला तर पेढे वाटायचे, लेजरमध्ये आला तर वसुलीला निघायचं.
बाकी प्रीपोन आणि रिव्हर्टचं काय करायचं काकू? आमच्या ऑफिसात रोज कोणीतरी प्लीज रिव्हर्ट म्हणतोच.

मुलुंडच्या_काकू:
प्रीपोन बिनधास्त वापर, भारतात सगळ्यांना कळतो, बाहेरच्याला लिहिताना मात्र ब्रिंग फॉरवर्ड. रिव्हर्टचा मूळ अर्थ पूर्वीच्या स्थितीला परत जाणं, त्यामुळे लंडनच्या क्लायंटला प्लीज रिव्हर्ट लिहिलंस तर तो बुचकळ्यात पडेल. प्लीज रिप्लाय लिही, काय बिघडतं.

बोरिवली_स्लो:
आणि लक्षात राहण्याचं म्हणाल तर एका दिवशी शंभरदा घोकून उपयोग नाही, अंतर ठेवून उजळणी पाहिजे. एबिंगहाउस नावाच्या जर्मन मानसशास्त्रज्ञाने १८८५ लाच स्वतःवर प्रयोग करून दाखवलं होतं की पाठ केलेलं सुरुवातीलाच भराभर उडतं. फोनमध्ये अँकी टाका, तुम्ही बनवलेली शब्दांची कार्डं अंतर ठेवून पुन्हा विचारणारं ॲप आहे, अँड्रॉइडवर फुकट आहे, आयफोनवर पैसे पडतात. ॲप नको असेल तर लाइटनरचे डबे करा, १९७२ ची जर्मन आयडिया, कार्ड बरोबर आलं की पुढच्या डब्यात, चुकलं की परत पहिल्या डब्यात, पुढचे डबे कमी वेळा उघडायचे. फक्त कार्डावर एकटा शब्द नको, वाक्य लिहून शब्दाच्या जागी रिकामी जागा सोडा, म्हणजे नुसतं ओळखून चालत नाही, आठवावं लागतं.

साडेआठची_कल्याण:
बापरे एवढं सगळं, थँक्यू सगळ्यांना. ग्रुप म्यूट केला. अँकी टाकलंय आणि इनबॉक्समधून तुकडे काढायला घेतलेत. काकू हे बघाल का जरा, 'द व्हेंडर इज रिलक्टंट टू गिव्हिंग डिस्काउंट' चालेल का?

मुलुंडच्या_काकू:
टू गिव्ह अ डिस्काउंट. तू मेलच्या शेवटी लुकिंग फॉरवर्ड टू हिअरिंग फ्रॉम यू लिहीत असशील, तिथून ते आयएनजी आलंय बहुतेक. तिथे लागतं, रिलक्टंट टू नंतर नाही. ही दोन कार्डं एकाच दिवशी सुरू करू नकोस, सारखी दिसणारी जोडी एकत्र शिकली की दोन्हीची सरमिसळ होते. आधी रिलक्टंट पक्कं होऊ दे, लुकिंग फॉरवर्ड पुढच्या आठवड्यात टाक.