आठवड्याची कमाई मोजायची, तर तास कोण मोजणार?

रामबागकर
भाचा न्यू जर्सीत असतो. परवा फोनवर म्हणाला, मामा, आमच्याकडे सरकार दर महिन्याला राज्यवार छापतं, खाजगी नोकरदार आठवड्याला सरासरी किती कमावतो ते. अख्ख्या देशाचा आकडा 1,200 डॉलरच्या वर. आपल्या इंदुरात हेच विचारा, पोहे खाता खाता जो तो आपला आकडा ठोकून देतो. सुपर कॉरिडॉरचा आयटीवाला म्हणतो महिन्याला साठ हजार, सांवेर रोडचा कारखान्यातला म्हणतो बारा. मध्य प्रदेशानेही असा आकडा दर महिन्याला काढावा. निदान भांडायला हातात काहीतरी येईल. काय म्हणता?

लेथवाले काका
साफ विरोध. माझं छोटं वर्कशॉप आहे, माणसं 11. इथे पीएफ महिन्याला, ईएसआय (कामगार विमा) महिन्याला, किमान वेतनाचा दरही महिन्याचा. त्याला चारने भागून आठवडा काढणार का? आणि सरासरीत आयटीवाले मिसळले की आकडा फुगणार. मग माझा फिटर सोमवारी दारात उभा, "सेठ, पेपरात आलंय."

सुदामानगरची
काका, चारने भागून काढत नाहीत हो. तिथे कंपन्यांच्या पगारपत्रकांवरून काढतात. ज्या पगाराच्या मुदतीत महिन्याची 12 तारीख येते, ती धरायची. सरासरी तास गुणिले ताशी सरासरी मजुरी, झाली आठवड्याची कमाई. ओव्हरटाइम त्यात आला. शेती नाही, स्वतःचा धंदा करणारे नाहीत. आणि मोजतात नोकऱ्या, माणसं नव्हे. दोन ठिकाणी काम करणारा दोनदा येतो.

रामबागकर
म्हणजे माझं म्हणणं पटलं ना, ताई?

सुदामानगरची
अर्धंच. मी हिशोबाचं काम करते, म्हणून सांगते. एका कारखान्यात (नाव नको) दर शनिवारी सहा वाजता पैसे वाटायचे. पाकिटावर पेन्सिलने लिहिलेलं असायचं: हजेरी 6, खाडा 0, उचल 500. हेल्परला 12 तासांचे 600 रुपये, म्हणजे आठवड्याचे 3,600. महिन्याचे साडेपंधरा हजार होतात, ऐकायला बरे वाटतात.

आता 1 एप्रिल 2024 पासून लागू झालेला आपल्या राज्याचा अकुशल कामगाराचा किमान दर बघा, तेव्हा भत्त्यासह महिन्याला 11,800. भागिले 26 दिवस, भागिले 8 तास, तासाला साधारण 57 रुपये पडतात. आठवड्याचे 72 तास भरतात, त्यातले 48 तासांच्या वरचे 24 तास दुप्पट दराने. बेरीज 5,400च्या पुढे जाते. तोच माणूस सरासरीत "किमान वेतनापेक्षा जास्त कमावणारा" दिसतो आणि दर आठवड्याला 1,800 गमावतो! तास न मोजता काढलेला आकडा मालकाच्याच कामाचा.

लेथवाले काका
तो दर आला आणि लगेच हायकोर्टाच्या इंदूर खंडपीठाची स्थगिती आली, ती उठली डिसेंबर 2024 मध्ये. त्या मधल्या काळात आम्ही काय धरायचं होतं? आणि 12 तास पोरं स्वतः मागतात. आठवर सोडलं तर शेजारच्या शेडमध्ये जातात.

सुदामानगरची
मागतात, कारण आठ तासांत भागत नाही.

जुना मिलएरिया
सरासरीचा विषय निघालाय तर एक गणित घ्या. आपली हुकुमचंद कापड मिल 12 डिसेंबर 1991 ला बंद पडली. कामगारांचे थकलेले 224 कोटी डिसेंबर 2023 मध्ये सुटले, हक्कदार 4,800. सरासरी पावणेपाच लाखांच्या जवळ. 32 वर्षांच्या आठवड्यांनी भागलं तर आठवड्याला 280 रुपये. आकडा एकदम शुद्ध आहे. काढून दाखवा कुणाच्या घरात तो आला.

रामबागकर
दादा, हे मनाला लागलं. पण म्हणून मोजूच नये?

आकडेमोड_इंदूर
मोजतात की. केंद्राचं श्रमबल सर्वेक्षण पगारी नोकर, रोजंदार आणि स्वतःचा धंदा करणारे यांची कमाई वेगवेगळी विचारतं. आठवड्यात किती तास काम केलं तेही विचारतं. देशात निम्म्याहून जास्त कामकरी स्वतःच्या धंद्यातले. छप्पन दुकानच्या खाऊगल्लीत गाडी लावणारा रामबागकरांच्या "खाजगी नोकरदार" आकड्यात कुठेच बसत नाही. माझं मत, सरासरी सोडा, मधला आकडा मागा. शंभर जण कमाईच्या क्रमाने ओळीत उभे केले तर पन्नासावा किती घेतो?

लेथवाले काका
हे चालेल. पन्नासावा माणूस माझ्याकडच्या पोरांसारखाच निघेल, पैज लावतो. आणि ताई, तुम्ही सगळ्या मालकांना एकाच काठीने हाकताय. शनिवारी या वर्कशॉपवर, चहा घ्या, रजिस्टर समोर ठेवतो.

सुदामानगरची
येते. कच्चं की पक्कं?