ख्रिस्ती लोकांविषयीची असहिष्णुता: धर्मस्वातंत्र्यात नेमके काय काय येते?

चंद्रकोर:
परवा काही स्नेह्यांशी बोलताना ख्रिस्ती लोकांविषयीच्या असहिष्णुतेचा विषय निघाला. तेव्हा एकाने विचारले, की ज्या धर्माचे अनुयायी जगात सर्वाधिक आहेत आणि ज्याच्या परंपरेत अनेक बलाढ्य राष्ट्रे घडली, त्याच्या अनुयायांवर अन्याय होतो ही ओरड कितपत खरी मानायची? मला तेव्हा समाधानकारक उत्तर देता आले नाही. शिवाय माझीही एक शंका आहे. धर्मस्वातंत्र्य म्हणजे आपापल्या प्रार्थनास्थळात निर्वेधपणे उपासना करण्याची मुभा एवढेच, की आपली श्रद्धा दुसऱ्याला सांगणे आणि पटल्यास ती बदलणे हेही त्यात येते? जाणकारांनी कृपया लिहावे.

जुनी वही:
आपल्या स्नेह्यांचा हिशेब जगाचा आहे, पण छळ जगाच्या पातळीवर होत नसतो; तो एखाद्या गावात, एखाद्या कुटुंबावर होतो, आणि तिथे त्या माणसाच्या बाजूला किती जण उभे आहेत एवढाच आकडा खरा असतो. पाकिस्तानातील आसिया बीबी या शेतमजूर ख्रिस्ती स्त्रीचे उदाहरण घ्या. पाण्याच्या भांड्यावरून इतर बायकांशी झालेल्या वादातून तिच्यावर ईशनिंदेचा आरोप आला, २०१० मध्ये फाशीची शिक्षा झाली आणि सर्वोच्च न्यायालयाने तिला निर्दोष ठरवेपर्यंत २०१८ साल उजाडले. दूरच्या बलाढ्य राष्ट्रांमुळे तिचा तुरुंगवास एका दिवसाने तरी टळला का? तिच्या बाजूने बोलणारे पंजाबचे गव्हर्नर सलमान तासीर यांना त्यांच्याच अंगरक्षकाने जानेवारी २०११ मध्ये गोळ्या घातल्या, आणि दोनच महिन्यांनी केंद्रीय मंत्री शाहबाझ भट्टी यांचीही हत्या झाली. भट्टी ख्रिस्ती होते, तासीर मुसलमान होते. असहिष्णुता एका समाजापासून सुरू झाली तरी तिथेच थांबत नाही, हे यावरून दिसावे.

मला मात्र याहूनही बोलके वाटते ते जपानचे उदाहरण. १६१४ मध्ये तोकुगावा राजवटीने ख्रिस्ती धर्मावर देशभर बंदी घातली. पुढे लोकांना ख्रिस्ताच्या किंवा मेरीच्या प्रतिमेवर सर्वांसमक्ष पाय ठेवायला लावण्याची पद्धत रूढ झाली. पाय अडखळला की संशय. (उपासना बंद पाडूनही सत्तेचे समाधान होत नाही, तिला मनाचा झाडा हवा असतो.) तरीही काही कुटुंबांनी पाद्री नसताना, ग्रंथ नसताना, पिढ्यानपिढ्या गुप्तपणे श्रद्धा जपली, आणि १८६५ मध्ये नागासाकीत नव्याने बांधलेल्या चर्चमध्ये येऊन त्यांतल्या काहींनी फ्रेंच धर्मगुरूजवळ आपली ओळख उघड केली. त्यानंतरही उराकामी गावच्या तीन हजारांहून अधिक लोकांना हद्दपार करण्यात आले. बंदी उठली ती १८७३ मध्ये.

तिऱ्हाईत:
वरील प्रतिसादातील वस्तुस्थिती मान्य आहे, पण चित्र एकांगी वाटते. गोव्यात १५६० मध्ये सुरू झालेले इन्क्विझिशन, म्हणजे पाखंडाची चौकशी करून शिक्षा देणारे चर्चचे न्यायालय, १८१२ पर्यंत चालले आणि ते चालवणारे ख्रिस्तीच होते. जिनिव्हात १५५३ मध्ये मिगेल सर्व्हेटस या विचारवंताला त्रैक्याचा (पिता, पुत्र आणि पवित्र आत्मा मिळून एकच ईश्वर) सिद्धांत नाकारल्याबद्दल जिवंत जाळले, तेही ख्रिस्ती लोकांनीच. कॅथलिक चर्चने धर्मस्वातंत्र्य हा प्रत्येक माणसाचा हक्क असल्याचे अधिकृतपणे जाहीर केले ते १९६५ मध्ये. हा इतिहास बाजूला ठेवून केवळ त्यांच्यावरील अन्यायाची चिंता करणे मला पटत नाही. दुसरे असे, की आमिष दाखवून धर्मांतरे होत असतील तर त्यावर आक्षेप घेणाऱ्या प्रत्येकाला असहिष्णू म्हणता येणार नाही. घटनेने दिलेल्या धर्मस्वातंत्र्यातील ‘प्रसार’ या शब्दात दुसऱ्याचे धर्मांतर करण्याचा हक्क येत नाही, असे आपल्या सर्वोच्च न्यायालयानेही १९७७ मध्ये म्हटले आहे.

पारखी:
तिऱ्हाईत, आपण दिलेला इतिहास खरा आहे. मात्र त्यावरून निघणारा निष्कर्ष वेगळा आहे. सोळाव्या शतकातल्या न्यायाधीशांचे पाप आजच्या एखाद्या गावातल्या प्रार्थनासभेत बसलेल्या माणसाच्या खात्यावर मांडता येत नाही.

चंद्रकोर यांच्या शंकेचे उत्तर संयुक्त राष्ट्रांच्या मानवी हक्कांच्या जाहीरनाम्याच्या अठराव्या कलमात आहे. त्यात धर्म बदलण्याचे स्वातंत्र्य स्पष्ट शब्दांत लिहिले आहे, आणि ते शब्द असावेत यासाठी लेबनॉनचे चार्ल्स मलिक यांनी आग्रह धरला होता. १० डिसेंबर १९४८ रोजी ४८ देशांनी जाहीरनाम्याच्या बाजूने मत दिले, विरोधात कोणीही नव्हते, आठ देश तटस्थ राहिले. धर्म बदलण्याच्या शब्दांना आक्षेप घेणारा सौदी अरेबिया त्या आठांत होता. उलट पाकिस्तानचे जफरुल्ला खान यांनी कुराणाचा आधार देऊन या कलमाला पाठिंबा दिला. खान अहमदिया, म्हणजे स्वतःला मुसलमान मानणाऱ्या एका अल्पसंख्य पंथाचे होते, आणि त्यांच्याच देशाने १९७४ मध्ये घटनादुरुस्ती करून अहमदियांना बिगरमुस्लिम ठरवले. मलिक ख्रिस्ती, खान अहमदिया. दोघांनी राखलेले कलम मात्र एकच. त्यामुळे एका समाजाची काळजी करणे मला पक्षपात वाटत नाही. तोच माणूस दुसऱ्या समाजाच्या वेळी गप्प बसला, तर वाटेल.

सक्ती आणि फसवणूक यांना शिक्षा हवीच, याबद्दल दुमत नाही. पण ‘आमिष’ हा शब्द इतका सैल वापरला जातो, की शाळा, दवाखाना, आजारी माणसासाठी केलेली प्रार्थना, सारेच त्यात कोंबता येते. १९७७ च्या निकालाने दुसऱ्याला ओढून आणण्याचा हक्क नाकारला. स्वतःहून चालत जाणाऱ्याचा नाही. घटनेच्या पंचविसाव्या कलमातले पहिले स्वातंत्र्य सद्सद्विवेकबुद्धीचे आहे, आणि ती बुद्धी ऐकणाऱ्याचीही असते. धर्मांतर करणाऱ्याला भोळा किंवा विकाऊ समजणे हा त्याचा अपमान आहे, हे आपण फारसे लक्षातच घेत नाही.

तिऱ्हाईत:
हा शेवटचा मुद्दा मला विचार करायला लावणारा वाटला. तरीही धर्मांतरापूर्वी जिल्हाधिकाऱ्यांना सूचना देण्याची अट, जी काही राज्यांत आहे, ती फसवणूक रोखण्यासाठी रास्त नव्हे काय?

पारखी:
हिमाचल प्रदेश उच्च न्यायालयाने तिथल्या कायद्यातील अशी अट २०१२ मध्ये रद्द केली. आपली श्रद्धा मनात गुप्त ठेवण्याचाही माणसाला हक्क आहे, हा त्यामागचा एक विचार होता. शिवाय मूळ धर्मात परतणाऱ्याला त्या कायद्याने सूचनेतून सूट दिली होती, म्हणजे अट फसवणुकीवर नव्हती, दिशेवर होती. राज्याने पुढे नवा कायदा केला, त्यामुळे वाद मिटलेला नाही. पण अशी सूचना देणाऱ्याचे नाव शेजाऱ्यापाजाऱ्यांपर्यंत पोहोचले, तर त्याला कोण कोण भेटायला येईल याची कल्पना करून पाहा, आणि मग जुनी वही यांनी सांगितलेली, लोकांना पाय ठेवायला लावलेली ती प्रतिमा आठवा.