जँगो शिकवताना पहिल्याच दिवशी व्हीएन्व्ह कशाला?

निवांत_मामा: भाचीला जँगो (पायथनमध्ये वेबसाइट बनवायची चौकट) शिकवायला बसलो. पाऊण तास व्हर्च्युअल एन्व्हायर्नमेंटनेच (व्हीएन्व्ह, म्हणजे प्रोजेक्टची पॅकेजेस वेगळी ठेवणारा फोल्डर) खाल्ला. विंडोजवर पॉवरशेल अ‍ॅक्टिव्हेटची स्क्रिप्ट चालवू देईना, स्क्रिप्ट चालवायच्या परवानगीची एक्झिक्युशन पॉलिसी बदलत बसलो. पोरगी विचारते, "वेबसाइट कधी बनवायची?" माझं मत स्पष्ट आहे: आधी सरळ पिपने (पायथनची पॅकेजेस बसवणारं हत्यार) जँगो बसवा, ते जँगोचं रॉकेटवालं स्वागताचं पान दिसू द्या. सोवळंओवळं नंतर.

जळका_सर्व्हर: साफ चूक. आमचा एक जुना प्रोजेक्ट जँगो ३.२ वर होता, व्हीएन्व्हशिवाय. शेजारच्या कामासाठी कुणीतरी त्याच मशीनवर पिपने जँगो अपग्रेड केला आणि ४.० आलं. त्यातून भाषांतराचं यूगेटटेक्स्ट आणि जुनं यूआरएल फंक्शन, दोन्ही काढलेत. सकाळी येऊन बघतो तर इम्पोर्ट एररची रांग. दोन दिवस निस्तरत होतो.

टर्मिनलवासी: लिनक्सवर तर तुमचा मार्ग बंदच झालाय, मामा. २०२३ च्या डेबियन १२ पासून सिस्टिमच्या पायथनवर पिप चालवलं की 'एक्स्टर्नली मॅनेज्ड एन्व्हायर्नमेंट' म्हणत हाकलून देतं (पेप ६६८ या पायथनच्या प्रस्तावाची कृपा). सिस्टिमची स्वतःची हत्यारं त्याच पायथनवर चालतात, तिथे आपण लुडबुड का करावी? 'ब्रेक सिस्टिम पॅकेजेस' असा पर्याय आहे म्हणा. नावातच सगळं आलं.

निवांत_मामा: ती विंडोजवर आहे हो. आणि हे सोवळंही अर्धवटच! पोस्टग्रेस डेटाबेसशी जोडणारं सायकोपीजी२ सोर्समधून बांधायचं तर पोस्टग्रेसची लिबपीक्यू लायब्ररी मशीनवरच लागते. एन्व्हायर्नमेंटचा फोल्डर उचलून दुसरीकडे ठेवला की स्क्रिप्टांमधले पत्ते चुकतात.

कंटेनरभक्त: म्हणूनच डॉकर. लायब्रऱ्यांसकट सगळं एका डब्यात.

जळका_सर्व्हर: पहिल्या दिवशी डॉकर? पोरगी कॉमर्सला जाईल.
मामा, तो फोल्डर हलवायचा नसतोच. रिक्वायरमेंट्सची फाइल (पॅकेजेसची यादी) जपायची, फोल्डर उडवायचा, नवा बांधायचा. आणि अ‍ॅक्टिव्हेट करायची सक्ती कुणी केली? त्या फोल्डरात 'स्क्रिप्ट्स'मध्ये पायथन असतो, त्याचाच पूर्ण पत्ता देऊन जँगोची मॅनेज डॉट पीवाय ही फाइल चालवा. पॉवरशेलशी भांडणच नको.

निवांत_मामा: हे ठाऊक नव्हतं. म्हणजे पाऊण तासातली चाळीस मिनिटं उगाच गेली. रविवारी तसं करून बघतो. आधी रॉकेट, हे मत मात्र कायम.